जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन: दोष नेमका कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती १२ व्होल्टच्या, विजेवर चालणारा फॅन असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, झेन, एस्टीम, अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका आणि त्यांच्या पिढीतल्या इतर गाड्या. बेल्टवर फॅन फिरणाऱ्या बोलेरो-सुमोंसाठी पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे. सातारा-सांगली भागात फॅनची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी आधी मोटर बदलली जाते, आणि आठवड्याने गाडी पुन्हा उकळते, कारण दोष दुसरीकडेच असतो. म्हणून आमचा आग्रह एकच: करंट कुठपर्यंत पोहोचतो ते आधी बघा, पार्ट मग विकत घ्या.

गाडी गरम होते. दोष फॅनचाच आहे हे कशावरून ओळखायचं?

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कधी चढतो त्यावरून. मोकळ्या रस्त्यावर ६०-७०च्या वेगात रेडिएटरला समोरचा वारा पुरतो. फॅन बंद असला तरी काही जाणवत नाही. त्यामुळे फॅन गेलेल्या गाडीचं वागणं ठरलेलं असतं. हायवेला काटा जागेवर, पण आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गाडी अडकली की पाच-दहा मिनिटांत वर. पुन्हा वेग घेतला की खाली. सांगली-मिरज रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे रांगत जाताना काटा चढतो, तोही याच कारणाने.

सपाट हायवेवर, वेगात असतानाच काटा चढत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. तिथे पाणी कमी असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असतील.

घाटातली तक्रार या दोन्हींच्या मधली. पसरणी किंवा खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनवर भार जास्त आणि वारा कमी, त्यामुळे फॅन आणि रेडिएटर दोघांचाही कस लागतो. शहरात अर्धा तास चालू उभी राहूनही ठीक असणारी गाडी फक्त घाटात गरम होत असेल, तर आधी रेडिएटरवर संशय घ्या.

आणखी एक खूण लवकर दिसते आणि सहसा दुर्लक्षिली जाते. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरसमोरची जाळी) दोघांना मिळून एकच फॅन असलेल्या गाडीत, चालत्या गाडीत एसी थंडगार आणि सिग्नलला थांबताच कोमट हवा, असं होऊ लागलं की फॅन मंदावलाय असं समजा. इंजिन गरम होण्याच्या बरंच आधी एसी हे सांगतो.

हात घालण्याआधी काय काळजी घ्यायची?

विजेवरचा फॅन सांगून सुरू होत नाही. काही गाड्यांत चावी काढल्यावरही गरम इंजिनचा फॅन आपोआप चालू होतो. पाती हाताने फिरवून बघायची असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मगच बोटं आत घाला. ओढणी, उपरण्याचं टोक, गळ्यातली माळ, मोकळी बाही हे सगळं आधी आवरून घ्या.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वरही द्रवरूपात असतं. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि त्याची वाफ होऊन तोंडावर येते. इंजिन बंद करून किमान पाऊण-एक तास जाऊ द्या, वरचा होज पाइप दाबून बघा. तो कडक लागत असेल तर अजून थांबा.

सगळ्यात आधी काय तपासायचं?

कूलंटची, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याची, पातळी. हे ऐकून अनेकांना वाटतं, फॅनचा आणि पाण्याचा काय संबंध? संबंध थेट आहे. फॅनला चालू हो म्हणून सांगणारा थर्मो स्विच किंवा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असायला हवा. पातळी खाली गेली की त्याच्याभोवती हवा राहते, हवेतून उष्णता नीट पोहोचत नाही, आणि इंजिन तापूनही फॅन सुरू होत नाही. स्विच, रिले (छोट्या करंटाने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मोटर सगळं शाबूत. कमी असतं ते फक्त लिटरभर पाणी. थंड इंजिनवर झाकण उघडून थेट रेडिएटरमध्ये बघा, शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीवर विसंबू नका. रेडिएटर रिकामा असूनही बाटली भरलेली दिसू शकते.

एलपीजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत इथे विशेष लक्ष द्या. किटच्या रिड्युसरला (द्रव गॅसची वाफ करून दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम पाणी हीटरच्या पाइपातून दिलेलं असतं. तिथले जोड गळतात, किंवा काम झाल्यावर पाइपात हवा अडकून राहते आणि सेन्सरभोवती फुगा होतो. हवा काढायला हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थंड इंजिनवर झाकण उघडून काठोकाठ भरा, इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा आणि पाणी उसळायला लागण्याआधी झाकण लावा.

पातळी बरोबर असेल तर एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत एसी चालू होताच फॅनही लागतो. रेडिएटरचा फॅन एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर, तिची वायर आणि अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी, बॉडीला जोडलेली वायर) ठीक आहेत. दोष स्विच, सेन्सर किंवा त्यांच्या वायरीत. मात्र गाडीला दोन फॅन असतील तर नेमका कुठला फिरतोय ते बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. कंडेन्सरचा फिरत असतो आणि रेडिएटरचा थांबलेला असतो, अशी फसगत खूपदा होते.

मग फ्यूज. नुसता बाहेरून बघू नका, काढून बघा. पाय काळवंडले असतील किंवा धारकाचं प्लास्टिक वितळलं असेल तर फ्यूज शाबूत असूनही करंट पुढे नीट जात नाही.

मोटर चांगली की गेलेली, हे दोन मिनिटांत कसं कळेल?

मोटरचा दोन पिनांचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवा. २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी घ्या. एकीच्या मध्ये २० अँपिअरचा फ्यूज बसवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणि निगेटिव्हवरून मोटरच्या पिनांना थेट करंट द्या. जोडताना छोटी ठिणगी उडेल, ते स्वाभाविक आहे. सुरुवातीच्या क्षणी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

जोरात, एकसारखी फिरली तर मोटर बहुधा ठीक. अजिबात हलली नाही तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच टिचक्या मारा. टिचकीने सुरू झाली तर आतले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. आज टिचकीने चालली, उद्या घाटात चालणार नाही. तिच्यावर भरवसा ठेवू नका. फिरते पण रडत-रडत, घर्रघर्र आवाज करत, तर बुश किंवा बेअरिंग गेलं आहे. करंट काढून पाती हाताने ढकलली की चांगली मोटर थोडी फिरून थांबते. हात काढताच जागीच थांबणारी मोटर आतून जाम होत आलेली असते.

जमलं तर करंट मोजा. छोट्या गाडीचा फॅन साधारण ७ ते १० अँपिअर घेतो. १५-१६ दिसत असतील आणि फॅन मंद असेल तर मोटर अडकते आहे. घरगुती मल्टिमीटर सहसा १० अँपिअरपर्यंतच टिकतो; त्यामुळे इथे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर बरा, तोही डीसी मोजणारा.

मोटर थेट बॅटरीवर फिरते, गाडीत फिरत नाही. मग करंट अडतो कुठे?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. फॅनचा करंट बॅटरीतून फ्यूजला, फ्यूजमधून रिलेला, रिलेतून मोटरला आणि मोटरमधून अर्थला जातो. साखळी मधून तोडून बघितली की अर्धं काम एका झटक्यात होतं, आणि मधली जागा म्हणजे रिले.

रिले सॉकेटमधून उपसा. बऱ्याच रिलेंच्या पाठीवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० ला बॅटरीचा करंट येतो, ८७ मधून मोटरला जातो. ८५ आणि ८६ मध्ये रिलेची कॉइल. आकडे नसतील तर रिलेवरची छोटी आकृती बघा, त्यात कॉइल आणि संपर्क वेगळे दाखवलेले असतात. सॉकेटमधल्या ३० आणि ८७च्या घरांना फ्यूज लावलेल्या वायरीने जोडा.

फॅन फिरला: बॅटरीपासून मोटरपर्यंतचा जाड करंटाचा मार्ग साफ आहे. दोष रिलेत किंवा रिलेला हुकूम देणाऱ्या बाजूला. हॉर्नचा किंवा दुसरा त्याच नंबराचा रिले तिथे लावून बघा. रिले टिकटिकला म्हणजे चांगला, असं समजू नका. टिकटिक कॉइलची असते. आतले संपर्क जळून काळे पडलेले असले तरी आवाज तसाच येतो.

फॅन फिरला नाही: ३०च्या घरात करंट आहे का ते टेस्ट लॅम्पने बघा. नसेल तर फ्यूजकडे मागे जा. असेल तर ८७पासून मोटरपर्यंतची वायर किंवा मोटरचा अर्थ.

आता मल्टिमीटरने होणारी फसवणूक. कपलर सोडवून मीटर लावला की १२.४ व्होल्ट दिसतात, आणि सांगितलं जातं, "करंट येतोय, मोटर गेली." पण वायरीच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटरला १२ व्होल्टच दिसणार, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मोटर ८ अँपिअर मागते, तेव्हा तिथे ४-५ व्होल्टही उरत नाहीत. म्हणून कपलरवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर वायर ठीक असण्याची शक्यता मोठी; लालसर मिणमिणला तर वायर, पिन किंवा अर्थ खराब. याहून पक्की पद्धत: कपलर जोडलेला आणि फॅन चालू असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी मोटरच्या पॉझिटिव्ह पिनच्या मागे टोचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. तसंच मोटरची निगेटिव्ह पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं.

आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांत अर्थ हा कायम आघाडीचा संशयित. फॅनची अर्थ वायर रेडिएटरच्या आडपट्टीजवळ किंवा फेंडरच्या आत बॉडीला बोल्टने आवळलेली असते. पावसाळ्यात तिथे गंज धरतो. बोल्ट काढा, टोक आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. मोटर मागवण्याआधी हे एवढं तरी करूनच बघा.

शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीरही बघावा लागतो. ऊस तुटला की उंदीर आसरा शोधत वस्तीकडे येतात आणि रात्री गरम इंजिनवर बसतात. बॅटरीच्या ट्रेखालची आणि रेडिएटरच्या वरून जाणारी वायर बोटांनी चाचपत जा. कुरतडलेली जागा डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर सापडते.

थर्मो स्विच कसा तपासायचा?

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रेडिएटरच्या टाकीला किंवा थर्मोस्टॅटच्या घरट्यापाशी हा स्विच बसवलेला असतो. दोन वायरींचा असेल तर कपलर सोडवून, चावी ऑन ठेवून, कपलरमधल्या दोन्ही पिना वायरीने जोडा. एकाच वायरीचा असेल तर ती वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. फॅन फिरला तर बाकी सगळं ठीक, स्विच बदला. फिरला नाही तर स्विच निर्दोष असू शकतो, रिलेकडे जा. काही जुन्या गाड्यांत रिलेच नसतो आणि मोटरचा पूर्ण करंट स्विचमधून जातो, म्हणून जोडायची वायर जाड घ्या.

स्विच काढून गरम पाण्यात तपासायची पद्धत सर्वांना माहीत आहे: पाण्यात सोडायचा, मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा. बऱ्याच स्विचच्या षट्कोनी डोक्यावर ९२-८७ असे आकडे कोरलेले असतात. पहिला चालू होण्याचा, दुसरा बंद होण्याचा. पण जास्त तापमानाला लागणाऱ्या स्विचची ही परीक्षा साध्या पाण्यात आपल्याकडे चुकते. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे; तिथे उघड्या भांड्यात पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं आणि कितीही जाळ केला तरी पुढे तापत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, तिथे साधारण ९५ अंशांनाच उकळी फुटते. ९८ अंशांना लागणारा चांगला स्विच अशा पाण्यात कधीच लागणार नाही, आणि तुम्ही तो खराब म्हणून फेकून द्याल. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण घ्या. त्याचा उत्कलनबिंदू वर असतो. भांडं मात्र स्वयंपाकातलं घेऊ नका आणि उरलेलं मिश्रण उघड्यावर टाकू नका. कूलंट विषारी आहे, आणि गोडसर चवीमुळे कुत्री-वासरं ते चाटतात.

नवा स्विच बसवताना वॉशर नवा घ्या आणि बेताने आवळा. प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर इथेच तडकतात. एका वायरीच्या स्विचला आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, कारण त्याचा अर्थ आट्यांतूनच मिळतो.

इंजेक्शनच्या गाडीत हीच पद्धत चालते का?

नाही. २०००च्या आसपास पेट्रोल गाड्या इंजेक्शनवर आल्या आणि तेव्हापासून बहुतेकांत फॅनचा हुकूम ईसीएम (इंजिनचा संगणक) देतो. इंजिनवरचा सेन्सर हा स्विच नसून तापमानाप्रमाणे रोध बदलणारा पार्ट आहे: थंड असताना दोन-तीन हजार ओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास, आणखी तापला की अजून कमी. त्याच्या पिना वायरीने जोडू नका. उलट इंजिन चालू असताना त्याचा कपलर नुसता सोडवा. सेन्सर तुटला असं समजून बऱ्याच गाड्यांचा ईसीएम सुरक्षेसाठी फॅन लावून टाकतो. फॅन लागला तर रिले, वायर, मोटर ठीक. सेन्सर किंवा त्याच्या वायरीकडे बघा. इंजिनचा दिवा लागेल. कपलर परत जोडल्यावरही राहिला तर स्कॅनरने कोड पुसून घ्या.

फॅन साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान लागतो. स्कॅनर जोडून तापमानाचा आकडा बघत उभं राहणं ही सगळ्यात खात्रीची तपासणी. पडद्यावर १०४ आणि फॅन थांबलेला, तर हुकूम निघत नाही किंवा पोहोचत नाही. पडद्यावर ७० आणि इंजिनवर हात ठेववत नाही, तर सेन्सर खोटं सांगतोय.

मीटरचा काटा मध्यावर, पण गाडी उकळली. असं कसं?

अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि फॅनचा वेगळा असतो. काटा बरोबर दाखवतोय म्हणून फॅनचा सेन्सर चांगला, असं होत नाही, आणि उलटही नाही. शिवाय पाणी गळून गेलं तर काट्याचा सेन्सरही हवेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली पडतो. चढलेला काटा अचानक खाली आला तर गाडी लगेच बाजूला घ्या.

फ्यूज सारखा उडतो. मोठा टाकू का?

नको. २० च्या जागी ४० टाकलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल. फॅन लागल्या क्षणी उडत असेल तर मोटर जाम आहे, किंवा वायर पत्र्याला घासून उघडी पडली आहे. मोटरचा कपलर काढून नवा फ्यूज लावा: तरीही उडाला तर वायर, नाही उडाला तर मोटर. पाच-दहा मिनिटांनी उडत असेल तर मोटर तापून जास्त करंट ओढते आहे.

फॅन सतत चालूच राहतो. हे बरंच, नाही का?

गाडी गरम होत नाही, म्हणून लोक हे चालवून घेतात. रिले आतून चिकटलेला असेल, थर्मो स्विच बंद होत नसेल, किंवा इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर तुटला असेल. रिले उपसला आणि फॅन थांबला नाही, तर कोणीतरी आधीच वायर डायरेक्ट जोडून ठेवली आहे. चावी काढल्यावरही चालू राहणारा चिकटलेला रिले रात्रीत बॅटरी उतरवतो. गरम गाडी बंद केल्यावर चार-पाच मिनिटं फॅन फिरून थांबत असेल, तर काही गाड्यांत ती मूळ रचनाच असते.

मिस्त्री म्हणतात, "फॅन डायरेक्ट करून टाकू." करावा का?

घरी पोहोचण्यापुरता, हो. कायमचा, नाही. आणि हे आम्ही ठासून सांगतो, कारण जुन्या गाड्यांची वायरिंग याच एका उपायाने सर्वात जास्त बिघडते. रात्री पावसात चालणाऱ्या छोट्या गाडीचा हिशेब करा: हेडलाइट ६० वॅटचे दोन म्हणजे १० अँपिअर, ब्लोअरचे ८, वायपरचे ४-५, त्यात फॅनचे ८ कायम. जुन्या छोट्या गाड्यांचा ऑल्टरनेटर मुळात लहान, आणि आयडलवर तो पूर्ण क्षमतेच्या बराच खाली असतो. उरलेला करंट बॅटरीतून जातो. पेट्रोलही जास्त जातं, आणि मोटरचे कार्बन लवकर संपतात. मग डायरेक्ट केलेला फॅन एक दिवस गुपचूप थांबतो, आणि तो कायम चालू आहे याच समजुतीत चालक राहतो.

तरीही तात्पुरता करायचाच असेल तर बॅटरीवरून फ्यूज, मग रिले, आणि रिलेला चावीवर चालणारा करंट घ्या. हेडलाइटच्या किंवा टेपच्या वायरीतून फांदी काढू नका.

फॅन जोरात फिरतो, तरी उभ्या गाडीत काटा चढतो. का?

उलटा फिरत असेल. मोटर दुरुस्त करताना किंवा कपलर तोडून वायरी पिळताना पॉझिटिव्ह-निगेटिव्हची अदलाबदल झाली की फॅन वारा इंजिनकडून पुढे ढकलतो. इंजिनच्या बाजूला बसवलेल्या फॅनने हवा समोरून ओढून इंजिनकडे सोडली पाहिजे. फॅन चालू असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरा. आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. उडून तुमच्याकडे आला तर वायरी बदला.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं म्हणून काढून टाकलेलं असतं, हेही सर्रास दिसतं. ते दिखाऊ नाही. ते नसलं तर फॅन आजूबाजूचीच गरम हवा घुमवत राहतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांना वारा मिळत नाही.

मग रेडिएटरची बाहेरची बाजू. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत किडे, धूळ, पाचटाचे तुकडे आणि पाचट जाळल्यानंतरची राख यांचा थर साचतो. समोरून काहीच दिसत नाही. वरचे बोल्ट सैल करून टॉर्च मारून आत डोकवा. साध्या पाइपाने, इंजिनकडून समोरच्या दिशेने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

आतून चोंदलेला रेडिएटर ओळखायचा असेल तर गरम गाडीत, इंजिन आणि फॅन थांबवून, रेडिएटरवर ठिकठिकाणी हात जवळ नेऊन बघा. मधेच थंड पट्टा लागला तर तिथून पाणी जात नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बोअरच्या जड पाण्याने क्षार धरून हे हमखास होतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट याशिवाय रेडिएटरमध्ये काही घालू नका.

सांगलीत ठीक चालते, पाचगणी-महाबळेश्वरला मात्र पाणी फेकते. फॅन तर चालू आहे.

झाकण बघा. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब धरून ठेवल्याने पाणी १०० च्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरत नाही, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी ९५ अंशांना उकळू लागतं. म्हणजे फॅन लागण्याच्या आधीच उकळी. झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुने होज फुटतात.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर?

काढू नका. इंजिन नीट तापत नाही, झीज वाढते, आणि मूळ दोष झाकला जातो. काटा वर, वरचा होज भाजतोय आणि खालचा थंड, असं असेल तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो; नवा बसवा. स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीला असलेल्या गाडीत अशा वेळी फॅनही लागत नाही, कारण गरम पाणी स्विचपर्यंत पोहोचतच नाही.

बोलेरो, सुमो, क्वालिससारख्या गाड्यांत काय बघायचं?

यांच्यापैकी बऱ्याच गाड्यांत फॅन इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि मध्ये सिलिकॉन तेलाचा, तापल्यावर फॅनला घट्ट पकडणारा व्हिस्कस क्लच असतो. सकाळी पहिल्यांदा चालू करताना मिनिटभर घोंघावतो आणि मग शांत होतो, ते योग्य आहे. गाडी चांगली तापल्यावर इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि पाती हाताने फिरवा. चिकट अडथळा जाणवला पाहिजे. पंख्यासारखी दोन-तीन फेरे गरगरली तर क्लच गेला. क्लचच्या मध्यापासून बाहेर फाकलेले तेलकट ओघळ, किंवा पाती पुढे-मागे हलणं, हीसुद्धा तीच गोष्ट. चालू फॅनमध्ये कागदाची गुंडाळी घालून बघण्याची पद्धत धोक्याची आहे, करू नका. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा.

घाटात काटा लाल पट्टीकडे गेला, तर त्या क्षणी काय करायचं?

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर सर्वात वर, काचा खाली. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ येत नसेल आणि पाणी असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. थोडी रेस देऊन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा म्हणजे पाणी फिरत राहतं. काटा उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर तत्काळ बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. कासच्या फुलांच्या हंगामात यवतेश्वरच्या चढावर रांग लागते; फॅनबद्दल शंका असलेली गाडी तिकडे नेऊच नका.

एकदा वाफेपर्यंत तापलेल्या गाडीचं ऑइल बघा. दुधाळ झालं असेल, किंवा चालू इंजिनवर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) तपासल्याशिवाय फॅनवर पुढचा खर्च करू नका.

नवी मोटर घ्यावी की जुन्या बाजारातली?

नवी परवडत असेल तर नवीच. जुनी घ्यायची तर दुकानातच बॅटरी लावून दहा मिनिटं चालवा: आवाज, शाफ्टचा खेळ, हाताला लागणारी उष्णता बघा. पातीची दिशा, व्यास, बसायचे कान आणि कपलर जुन्या मोटरशी ताडून घ्या. काही मोटरींत पातीचा नट उलट्या आट्याचा असतो. सुटत नाही म्हणून जोर करण्याआधी तेवढं बघा. कपलर जुळत नसेल तर वायरी पिळून टेप न मारता टर्मिनल क्रिम्प करून घ्या.

सांगलीच्या पुरात उभी राहिलेली गाडी घेतली आहे. फॅनचं काय?

२००५, २०१९ आणि २०२१च्या पुरात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, आणि अशा गाड्या नंतर दूरवर विकल्या गेल्या. त्यांच्यात फॅन सुरुवातीला व्यवस्थित फिरतो. मोटरच्या बुशमध्ये बसलेला बारीक गाळ आणि कपलरच्या पिनांवरचा हिरवा थर काही महिन्यांनी त्रास देतो. मोटर खोलून साफ करा, कार्बन बघा, बुशला तेल द्या. फ्यूजबॉक्स उलटा करून मागच्या पिना तपासा. गाळाची रेष तिथे स्पष्ट दिसते. फॅनचा रिले न तपासताच नवा टाका, आणि मोटरपासून बॅटरीपर्यंतची अर्थ वायर टोकांसकट बदला. वायरीचं इन्शुलेशन दोन इंच सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर काळेपणा संपेपर्यंत कापत जा, आणि तो संपतच नसेल तर वायर पूर्ण नवी ओढा.